देव्हाऱ्यातल्या ठासणीचा पंचनामा

मरोळ, अंधेरी (पूर्व), मुंबई
संक्रांत उलटून गेल्यावर, १९८६

चिरंजीव गुणाजी भावोजी यांस,

मरोळहून तुमच्या थोरल्या वहिनीचे पोटभर आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याला, सुगंधाच्या दम्याला, नुकत्याच व्यालेल्या तांबड्या गाईला आणि उंबऱ्यात आडव्या पडणाऱ्या त्या आळशी कुत्र्याला ज्याच्या त्याच्या वयाप्रमाणे आशीर्वाद नाहीतर नमस्कार वाटून द्यावा. इकडे आम्ही सगळी खुशाल आहोत. (खुशाल म्हणजे घरातलं कोणी तुरुंगात नाही. मधे थोडे दिवस तेवढंही छातीठोक सांगता येत नव्हतं.) तिळगूळ पाठवला आहे, तो दातांच्या मानानं खावा.

पत्र माझी सून वनमाला लिहिते आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, पण मी बोलले त्यातलं एक अक्षर गाळलं तर मला कळतं, हे तिला ठाऊक आहे. त्यामुळे स्वतःबद्दलचंही ती मुकाट लिहिते. अक्षर म्हणाल तर मोत्यासारखं. देवानं हिच्या हातात जेवढं घालायचं तेवढं सगळं अक्षरात घातलं, शिऱ्यासाठी काही उरलंच नाही. (थांबलीस का गं? लिही. शि-ऱ्या-सा-ठी.)

तर तुमचं कार्ड मार्गशीर्षात मिळालं. भावोजी, आमच्या सासूबाई म्हणायच्या, गुणाजीला अक्कलदाढ आली की अक्कल येईल. दाढ आली, किडली, पडलीसुद्धा. बंदुकीची गोष्ट कोणी उघड्या कार्डावर लिहितं का? पाकीट घ्यायचं, जीभ लावून चिकटवायचं. तुम्ही मुंगीच्या अक्षरात सगळं त्या कार्डावर बसवलंत की, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी गावातल्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करा असं पोलीसपाटील सांगत आला, त्यात आमच्या ह्यांच्या, तुमच्या दादांच्या, ठासणीच्या बंदुकीचं नाव निघालं. दादा गेले तसा त्यांच्या नावाचा परवानाही गेला. आता ती बंदूक ज्याच्या घरात सापडेल त्याच्यावर बिनपरवाना हत्यार बाळगल्याचा गुन्हा. आणि त्याहून वाईट म्हणजे, शिमग्याला पालखीपुढे पहिला बार आता आपल्या घरचा निघणार नाही म्हणून वरच्या घरच्या काशीरामानं आत्तापासून मिशीला तेल लावायला घेतलं आहे. आमच्या पोस्टमनला एरवी नावं वाचायला चष्मा लागतो. हे कार्ड त्यानं बिनचष्म्याचं वाचलं आणि जिन्यातूनच हाळी दिली, "आजी, बंदुकीचं कार्ड आलंय!" दिवेलागणीपर्यंत बिल्डिंगीत कोणाला सांगायचं राहिलं नव्हतं.

पालखीपुढच्या बाराचं म्हणाल तर मला त्याचं काही नाही. (वनमाला हसते आहे. हसू दे.) आपल्या घरची बंदूक वाजल्याशिवाय पालखी अंगणातून उठत नाही, हे आपलं उगाच पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. गेल्या शिमग्याला मी सणापुरती गावी आले होते, दादांचं वर्ष सरलं नव्हतं. पालखी आली, बार न ऐकता गुपचूप उठली, आणि मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते, तेव्हा मला काही म्हणजे काही वाटलं नाही. खांब जरा हलत होता, एवढंच. ह्या वर्षी काशीरामाच्या बंदुकीनं उठायची तर उठो. देवीला आवाजाशी मतलब.

आता ती बंदूक इथे मरोळला कशी आली ते तुम्ही विसरला असाल, म्हणून सांगते. (सोयीचं तेवढं विसरण्यात तुमचा हात धरणारा तालुक्यात नाही.) दादांचं कार्य आटोपलं, माझ्या लेकानं, चंदूनं, मला मुंबईला न्यायचं ठरवलं आणि मोठ्या घराला कुलूप लागलं. बंद घरात देव ठेवून दिवा कोण लावणार? म्हणून देव टोपलीत बसले. आणि आपल्याकडे देव्हाऱ्याच्या उजव्या अंगाला कोण उभी असते? खंडेनवमीला जिची पूजा होते, शिमग्यात जिच्या गळ्यात हार पडतो, जिच्या पाया पडल्याशिवाय नवी सून माप ओलांडून आली तरी घरात आली असं धरत नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा आधी तिच्या पाया पडले, मग सासूबाईंच्या. (दोघींत ठासलेली कोण, ते दुसऱ्याच दिवशी कळलं.) तेव्हा देव निघाले आणि ती एकटी अंधारात राहिली असं कसं होईल? तुम्हीच तिला चटईत गुंडाळलंत, सुंभानं आवळलंत, आणि एसटीच्या कंडक्टरनं हे काय म्हणून विचारलं तेव्हा "देवघरातलं आहे" म्हणून हात जोडलेत. त्यानंही जोडले. तुम्ही खोटं बोलला नाहीत, आणि खरं काय ते आपल्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. हत्यार म्हणून आणलीच नव्हती तर हत्याराचा कायदा कोणाला आठवणार?

इथे स्वयंपाकघरात फळीवर देव आणि फळीशेजारी कोपऱ्यात ती, अंगावर लाल खण, कपाळाला, म्हणजे जिथे कपाळ असावं तिथे, हळदकुंकू. उदबत्तीचं घर फुटलं (वनमालेच्या हातून. लिही.) तेव्हापासून आम्ही उदबत्ती तिच्या नळीच्या तोंडात खोचायला लागलो. काडी कशी ताठ उभी राहते, आणि राखही बाहेर पडत नाही. शेजारच्या मृणालिनीबाईंची मुलगी बारावीला पास झाली तेव्हा त्यांनी गणपतीला मोदक आणि हिला नारळ वाहिला. असं सगळं सुखानं चाललं होतं, त्यात तुमचं कार्ड.

आमच्या खालच्या मजल्यावर भाऊराव राहतात. कोर्टात बेलिफ होते. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, पण अजून कोणाकडे आले की आधी दाराकडे असं बघतात, जणू नोटीस कुठे चिकटवावी. ते आले, चहा घेतला, आणि चंदूला बोटांवर मोजून सांगायला लागले. घरात ठेवलीत तर गुन्हा. रस्त्यानं नेलीत तर गुन्हा. विकलीत तर गुन्हा, आणि पुरलीत तर पुरावा लपवल्याचा वेगळा. मी विचारलं, आणि पूजा केली तर? ते म्हणाले, त्याचं कलम बघावं लागेल.

चंदूची तर वाटच लागली. (हा शब्द त्याचाच. वनमाला शुद्ध करायला बघत होती, मी करू दिला नाही.) तुम्हाला ठाऊक आहे, तो आरे कॉलनीत डेअरीत आहे, सरकारी नोकर. नुसता गुन्हा दाखल झाला तरी घरी बसवतील. माझा लेक दुधात माशी पडली तर तिची माफी मागेल असा, त्याच्यावर बंदूक बाळगल्याचा खटला! जेवण सुटलं. दाढी करताना गाल कापून घ्यायला लागला. मग त्याला युक्त्या सुचायला लागल्या, ते त्याहून वाईट. म्हणे, आरेच्या रानात नेऊन ठेवतो. मी म्हटलं, तिथल्या बिबळ्याकडे परवाना आहे का? मग म्हणे, खारदांड्याला माझ्या ओळखीचा एक होडीवाला आहे, त्याला सांगून समुद्रात सोडतो. गेलासुद्धा विचारायला. होडीवाला म्हणाला, आज तू बुडवशील, उद्या माझ्याच जाळ्यात येईल, पापलेटच्या पाटीत मी बंदूक कुठे विकू? शहाणा माणूस. मी चंदूला सांगितलं, अरे, देव बुडवायचा तर वाजतगाजत बुडवतात, चोरासारखा नाही. त्यावर त्यानं शिंप्याकडून तंबोऱ्याची म्हणून एक लांबलचक खोळ शिवून आणली. शिंप्यानं माप घेऊन विचारलं, साहेब, इतका अंगानं बारीक तंबोरा वाजतो कसा? तेव्हापासून ती खोळ वनमाला उशांना घालते. एकीत तीन उशा मावतात.

शेवटी मी म्हटलं, हिला ठाण्यात नेणं हा गुन्हा ना? मग ठाणंच हिच्याकडे आलं तर? भाऊराव पुन्हा बोटं मोजायला लागले. पण नीट विचार करा. पोलिसाला पोलीस म्हणून बोलावलं तर तो छापा. पाहुणा म्हणून बोलावलं तर तो प्रसाद. म्हणून मी सत्यनारायण घालायचं ठरवलं. चंदूला म्हटलं, तुझ्या नोकरीसाठी नवस आहे. (होताच.) वनमालेला तेवढं खरं सांगितलं, कारण शिरा तिला करायचा होता.

मी आणि वनमाला ठाण्यात गेलो. दारातल्या हवालदारानं विचारलं, "काय हरवलं, आजी?" मी म्हटलं, हरवलं काही नाही बाबा, घरात एक जास्तीचं आहे, पण ते मागाहून. आत फौजदार होते. कोवळा पोर, मिशी ठेवावी की काढावी ह्याचा अजून विचार चाललेला. मी आमंत्रण दिलं. ते म्हणाले, ड्यूटीवर असं येता येत नाही. मी म्हटलं, साहेब, सत्यनारायणाच्या कथेत काय आहे? बिचाऱ्या वाण्याला राजाचे शिपाई चोर समजून पकडून नेतात, आणि शेवटी राजालाच त्याला मानानं सोडून द्यावं लागतं. ही कथा बाकी कोणी ऐको न ऐको, पोलिसांनी तरी दरसाल ऐकावी. फौजदार हसले. हसला तो आला, हे मी तेव्हाच ताडलं.

पूजेच्या दिवशी अख्खी बिल्डिंग जमली होती. चंदू सोवळं नेसून पाटावर, गुरुजींची कथा रंगात आलेली, आणि दारात खाकी कपडे. चंदूनं वर बघितलं. हातात पंचामृताची वाटी होती, ती त्यानं देवाला घालायची ती गुरुजींच्या मांडीवर घातली. फौजदारांनी टोपी काढली, बूट काढले, चौरंगाला नमस्कार केला. मग घरचे देव कुठे, म्हणून आपणहून स्वयंपाकघरात शिरले (चांगल्या घरचा मुलगा), फळीपुढे वाकले, आणि तिच्याही खणाला हात लावून तो डोळ्यांना लावला. मागून हवालदार वाकला. बाळा त्याचं नाव, वेंगुर्ल्याकडचा. तो वाकला तो वाकूनच राहिला. मान तिरकी करून खणाखाली बघितलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, ह्या देवाक चाप आसा."

मी म्हटलं, "होय रे बाबा, आणि दस्ताही आहे. त्यासाठीच तुम्हाला बोलावलंय. प्रसाद घ्या आणि हिला घेऊन जा." फौजदारांनी विचारलं, "परवाना कोणाच्या नावावर?" मी भिंतीवरच्या दादांच्या फोटोकडे बोट केलं. त्यांनी त्या फोटोलाही नमस्कार केला. हात आता सवयीनंच जुळत होते. मग बाळा हवालदारानं विचारू नये ते विचारलं. "आजये, ठासलेली आसा काय गे?"

भावोजी, त्या क्षणी खोलीतल्या प्रत्येकानं नळीच्या तोंडाकडे बघितलं. तिथे उदबत्ती जळत होती. मोगऱ्याची. अर्धी जळून आत चाललेली.

सत्यनारायणाचे अध्याय पाच. गुरुजी चौथ्यात होते. पाचवा त्यांनी जिन्यात संपवला, "इति" आम्हाला खालून ऐकू आलं. मृणालिनीबाई मुलीला घेऊन गॅलरीत. भाऊराव खाटेखाली गेले आणि तिथून कलमं सांगत राहिले. मी जागची हलले नाही. बिल्डिंगीत आता म्हणतात, आजींचं काळीज वाघाचं. कसलं काळीज, माझे गुडघे! बसले की उठायला दोन माणसं लागतात, आणि दोन्ही माणसं पळाली होती. पण एक सांगते. माझा घाबरट लेक, माशीची माफी मागणारा, ओलं सोवळं सावरत धावत आला आणि हात पसरून माझ्या आणि बंदुकीच्या मधे उभा राहिला. आणि वनमाला हातातला झारा घेऊन त्याच्यापुढे. (हेही लिही. लाजतेस काय? शिऱ्याचं लिहिलंस तसं हेही लिही.) बाळा हवालदारानं पकड मागून घेतली, श्वास धरून उदबत्ती उपटली आणि तीर्थाच्या भांड्यात बुडवली. मग सगळे एकदम बोलायला लागले.

पंचनाम्याला दोन पंच लागतात. पाया पडायला वीस होते, सही करायला कोणी सापडेना. भाऊरावांना खाटेखालून ओढलं. गुरुजी चपला आणि दक्षिणा न्यायला परत आले होते, ते सापडले. फौजदार लिहायला बसले. ठासणीची बंदूक एक, लोखंडी नळी, लाकडी दस्ता. मी म्हटलं, खण? त्यांनी लिहिलं, लाल खण एक. झेंडूचा हार एक. आणि हळदकुंकू, मी म्हटलं. त्यांनी विचारलं, किती लिहू? मी म्हटलं, भरपूर. सरकारी कागदावर "हळदकुंकू भरपूर" असं लिहून त्याखाली फौजदारांची सही आहे. दादांनी बघायला हवं होतं.

मग त्यांनी गोणपाट मागितलं. मी म्हटलं, गोणपाटात बटाटे नेतात. ही आमच्या घरातून पहिल्यांदा एकटी बाहेर पडते आहे, ओवाळून जाईल. आरती झाली. पुढे फौजदार, मागे बाळा हवालदार दोन्ही हातांवर तिला तान्ह्या बाळासारखी घेऊन, त्याच्यामागे मृणालिनीबाई घंटा वाजवत, आणि मागे बायकांची ही रांग. रस्त्यानं लोक विचारत होते, कुठली देवी? एका रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून पाया पडून घेतलं. फौजदार वरातीतल्या नवरदेवासारखे खाली बघून चालले होते. परत आल्यावर शिरा सगळ्यांनी दोनदा घेतला, म्हणजे भूक किती लागली होती बघा.

पण चंदूचं काय, ते ठरायचं होतं. ते वरचे साहेब ठरवणार होते, आणि ते गावाला गेलेले. तेवढे दिवस चंदू रोज ऑफिसला जाताना माझ्या पाया पडून असा निघायचा, जणू काळ्या पाण्यावर चालला आहे. एके दिवशी बोलावणं आलं. साहेबांचा चेहरा न शिजलेल्या वालासारखा. मला खुर्ची दिली, चंदू उभा. साहेबांनी विचारलं, "आजी, वर्षाच्या वर घरात बंदूक होती, आणि ती बंदूक आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी म्हटलं, "साहेब, ठाऊक होतं. लक्षात नव्हतं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुमच्या ह्या फौजदारांना विचारा. बंदूक कशी दिसते ते त्यांना सरकारनं पगार देऊन शिकवलंय. ते आत आले आणि त्यांनी आधी काय केलं?"

फौजदार पंख्याकडे बघायला लागले. साहेबांनी विचारलं, काय केलंत? ते पुटपुटले, "नमस्कार केला, साहेब." साहेब म्हणाले, बंदुकीला? तर म्हणे, "साहेब, कुंकू होतं."

भावोजी, तो वाल शिजला. साहेब इतके हसले की बाहेरच्या बाकावरचे दोन पाकीटमारही उगाच हसले. मग डोळे पुसून त्यांनी मला कायदा समजावला, आणि तो भाऊरावांच्या कायद्याहून बराच माणसाळलेला निघाला. परवानावाला गेला की घरच्यांनी बंदूक लवकरात लवकर जवळच्या ठाण्यात ठेवायची, आणि वारसानं आपल्या नावानं परवाना मागायचा. मिळाला की बंदूक परत. आम्ही उशीर केला ही चूक, पण लपवली नाही, विकली नाही, स्वतः बोलावून हवाली केली. साहेबांनी तसंच लिहिलं, मला दटावलं (मी मान खाली घालून दटावून घेतलं, चांगलं जमलं मला ते), आणि चंदूला म्हणाले, जा, दूध नासेल तुमचं. चंदू तिथेच रडला. बाळा हवालदारानं त्याला चहा पाजला. त्या रात्री तो इतका जेवला की वनमालेला पुन्हा कणीक मळावी लागली.

निघताना साहेब म्हणाले, नळी रिकामी करून ठेवली पाहिजे. त्यांचा एक हत्यारं जाणणारा माणूस आला. त्यानं नळीत गज घालून ओढायला सुरुवात केली. उदबत्तीच्या काड्या निघाल्या, जुडीच्या जुडी. राख निघाली. एक वाळका झेंडू. मग काथ्याचा बोळा. मग छर्रे. सगळे दोन पावलं मागे. मग पुन्हा काथ्या. आणि मग, भावोजी, काही नाही. त्यानं नळी उलटी करून ठोकली, गज वाजवून बघितला, आणि म्हणाला, "साहेब, दारूच नाही. छर्रे आहेत, काथ्या आहे, आणि दारू घातलेलीच नाही. कोणी ठासली ही?"

कोणी ठासली? दादा आजारी पडले त्या उन्हाळ्यात माकडं फणसावर उतरली, आठवतं? भर दुपार, सगळी वाडी जमलेली. तुम्ही पडवीत बसून बंदूक ठासलीत, अंगणात उभे राहिलात, छाती काढलीत, एक डोळा मिटलात (वाडीतले म्हणतात दोन), आणि चाप ओढलात. "टक्." माकडानं तुमच्याकडे बघितलं. तुम्ही माकडाकडे बघितलंत. मग ते फणस सोडून सावकाश उतरलं आणि गेलं. तेव्हापासून आजपर्यंत तुम्ही सांगत आला आहात की दारू सादळली होती, पण माकड माझ्या नजरेनंच पळालं. भावोजी, सादळायला ती आत असावी लागते. ते माकड घाबरून गेलं नाही, शरमेनं गेलं.

असो. बंदूक ठाण्यात सुखरूप आहे. चंदूची नोकरी शाबूत आहे. देव्हाऱ्याशेजारचा कोपरा मोकळा झाला, तिथे आता वनमाला तांदळाचा डबा ठेवते, सोय झाली. ह्या वयात मला बंदूक काय करायची? काशीरामाला म्हणावं, खुशाल मान घे, आमची काही तक्रार नाही. सुगंधाला हळदीच्या दुधात मिरी घालून देत जा. लोभ आहे तो राहू द्यावा.

तुमची
थोरली वहिनी
(अंगठा माझा. शाईचा डाग मात्र वनमालेचा.)

ता.क. सोबत एक कागद आहे. तो "हरकत नाही" असं लिहिलेला वारसांचा कागद. चंदूनं सही केली, तुम्ही खाली करून उलट टपाली पाठवावी. पाकिटात. अर्ज माझ्या नावानं केला आहे. कारण म्हणून "माकडांपासून बागायतीचं रक्षण" असं लिहिलंय. साहेबांनी विचारलं, आजी, बार तुम्ही काढणार? मी म्हटलं, मान घराचा आहे, मिशीचा नाही. मग ते म्हणाले, असा परवाना हवा तर राहायलाही बागायतीत हवं, मरोळला बसून माकडं हाकता येणार नाहीत. मी म्हटलं, मग काय, नाइलाज आहे. तेव्हा मोठ्या घराचं कुलूप काढा, कौलं बघून घ्या, चुलीचा पोतेरा सुगंधाला करायला सांगा. परवाना शिमग्यापर्यंत येईल न येईल, पण चूल ह्या शिमग्याला पेटलेली असेल, आणि काशीरामाला म्हणावं, ते तेल मिशीला लावण्यापेक्षा भजी तळ. (वनमालेला हे आत्ता लिहिताना कळतंय. डोळे पूस गं, शाई फुटते.)

दुसरा ता.क. आलेलं पत्र पडवीत बसून मोठ्यानं वाचायची तुमची सवय मला ठाऊक आहे, आणि ऐकायला काशीरामही येऊन बसतो. तेव्हा माकडाचा भाग मनातल्या मनात वाचावा. वाचून झाला असेल तर इलाज नाही. मग सही तेवढी लवकर करा, म्हणजे गावात बोलायला दुसरा विषय मिळेल.

तिसरा ता.क. माझे गुडघे तसे बरे आहेत. त्या दुपारी तुम्ही ठासत होता तेव्हा दारूची डबी हातात घेऊन तुमच्यामागे मीच उभी होते. "भावोजी, ही..." म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, वहिनी, मधे बोलू नका, हे बायकांचं काम नाही. मी नाही बोलले. डबी फळीवर ठेवून दिली. तेव्हा उदबत्ती जळत होती त्या दिवशी मला उठायचं कारणच नव्हतं. हे चंदूला कळवू नका. तो त्या दिवसापासून ताठ चालतो आहे.

काकांना वनमालेचा साष्टांग नमस्कार. वरचं सगळं आईंनी सांगितलं तसं लिहिलं, शिऱ्यासकट. त्या शिऱ्याच्या तीन वाट्या कोणी खाल्ल्या, ते त्यांनी सांगितलेलं नाही. घर खरंच उघडून ठेवा, आम्ही दोघं सोडायला येऊ. आई रोज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायची काठी खांद्याला लावून पाण्याच्या टाकीवर नेम धरतात. काल हळूच मला विचारत होत्या, ठासताना आधी दारू घालतात की आधी काथ्या? मी म्हटलं, पत्रात काकांनाच विचारते ना. त्यांनी काठी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "भावोजींना नको. त्यापेक्षा त्या माकडाला विचार, त्यानं सगळं जवळून बघितलंय."